"१५ ते ३० पर्सेंटाइल पुढे" म्हणजे नक्की कोण पुढे?

चिकित्सक:
काल एकाने लिहिलं, "होमस्कूलिंगची, म्हणजे शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं शाळेतल्या मुलांपेक्षा १५ ते ३० पर्सेंटाइल पुढे असतात, संशोधनाने सिद्ध झालंय, वाद संपला." (पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे.) खाली नुसत्या टाळ्या. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. हा आकडा येतो ब्रायन रे या अमेरिकी संशोधकाकडून. त्यांच्या २००९च्या अभ्यासाचा खर्च होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशनचा, म्हणजे होमस्कूलिंगची वकिली करणाऱ्या संघटनेचा. त्याआधी १९९९चा रुडनर या दुसऱ्या संशोधकाचा अभ्यास, खर्च पुन्हा त्याच संघटनेचा, मुलं २०,७६०. एवढी संख्या बघून माणूस गप्पच होतो, पण ही मुलं आली कुठून ते विचारा ना. ज्या आईबापांनी बॉब जोन्स युनिव्हर्सिटीच्या सेवेकडून स्वतःहून चाचणी मागवली आणि वर प्रश्नावलीही भरून पाठवली, त्यांचीच ही मुलं. पालकांपैकी ८८ टक्के शाळेनंतरही शिकलेले, अख्ख्या अमेरिकेची सरासरी तेव्हा ५० टक्के. जवळपास चौथा हिस्सा मुलांच्या घरी आई किंवा बाप प्रमाणित शिक्षक. जिममध्ये रोज येणाऱ्यांची तब्येत मोजून अख्ख्या गावाची तब्येत सांगण्यासारखं आहे हे. आणि रुडनरने स्वतःच अहवालात लिहिलंय की यावरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस ठरत नाही. ते वाक्य कुणी शेअर करत नाही.

दोन_पिल्लांची_आई:
खर्च कुणी केला यावरून अभ्यास खोटा ठरत नाही. शाळांवरचे अभ्यास कोण करतं? शिक्षण खातीच ना? तेव्हा नाही कुणाला हितसंबंध दिसत. आणि मी दोन्ही मुलांना घरी शिकवते, मोठी मुलगी दुपारी पोटावर पडून जाडजूड पुस्तकं संपवते, तिला "वाच" म्हणावं लागत नाही. हे मला कुठल्या अहवालात शोधायची गरज नाही.

चिकित्सक:
ताई, तुमच्या मुलीबद्दल मी काही म्हटलेलंच नाही. एका घरात छान चाललंय आणि "होमस्कूलिंगमुळे गुण वाढतात", ही दोन वेगळी विधानं आहेत. तुमच्यासारखी आई असलेली मुलगी शाळेत गेली असती तरी वाचलीच असती, हाच तर मुद्दा आहे.

जुना_मास्तर:
मी आयुष्यभर गणित शिकवलं. घरी शिकून मधल्याच इयत्तेत आमच्याकडे आलेला एक मुलगा आठवतो. वाचन असं की वर्गातली पोरं तोंडात बोट घालायची, इतिहासावर तासभर बोलेल. फळ्यावर १/२ + १/३ दिलं तर वर वर मिळवले, खाली खाली मिळवले, २/५ लिहून मोकळा. मी विचारलं, अरे अर्ध्यात भर घातली तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? तो खडू हातात धरून बघतच राहिला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरी आईबापाला गणिताचा कंटाळा असेल तर गणित मागेच पडतं.

दोन_पिल्लांची_आई:
मास्तर, २/५ लिहिणारी पोरं शाळेत ढिगाने आहेत! माझ्या बहिणीचा मुलगा नियमित शाळेत जातो, तोही हेच लिहितो. त्याचं खापर शाळेवर फुटत नाही, "पोरगा कच्चा आहे" म्हणतात. आमच्या पोराचं चुकलं की लगेच होमस्कूलिंग नापास. हा कुठला न्याय?

चिकित्सक:
मास्तरांचं हे एकच उदाहरण आहे, बरोबर. पण कुंझमन आणि गेदर यांनी २०१३मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात हेच दिसतं: घरची पार्श्वभूमी हिशेबात धरली की फरक फारसा उरत नाही, भाषेत थोडी आघाडी, गणितात थोडी पिछाडी.

स्पष्टवक्ता:
मूळ प्रश्न राहू द्या, रुडनरच्या अभ्यासातली चाचणी घेतली कोणी ते बोला. पदवी असली की आईबाप स्वतःच्याच पोराची परीक्षा घेऊ शकत होते! माझा शेजारी असाच, मुलगा अडला की "नीट बघ, परत बघ" म्हणत त्याला बरोबर उत्तरापर्यंत नेतो आणि मग मार्क सांगत फिरतो. असले मार्क काय कामाचे?

दोन_पिल्लांची_आई:
आणि शाळेतले शिक्षक धुतल्या तांदळासारखे? अमेरिकेतल्या अटलांटा शहरात काय झालं विसरलात? २०११चा चौकशी अहवाल, ४४ शाळा, १७८ शिक्षक-मुख्याध्यापक, मुलांच्या उत्तरपत्रिकांवर खोडरबर फिरवून बरोबर उत्तरं भरली. माझ्यावर शंका घेणाऱ्यांनी आधी ते वाचा.

स्पष्टवक्ता:
अहो पण ते पकडले गेले! कारण खोडाखोड मोजणारं कुणीतरी बाहेरचं होतं. तुमच्या स्वयंपाकघरातली खोडाखोड कोण मोजणार?

दोन_पिल्लांची_आई:
मला चोर म्हणताय का? सरळ म्हणा.

जुना_मास्तर:
दोघंही जरा दमानं घ्या. अटलांटाचं मला मान्य आहे, नाइलाजाने मान्य आहे. नोकरी आणि बोनस निकालावर टांगला की माणसं हेच करतात, मी स्टाफरूममध्ये "निकाल लागलाच पाहिजे" हे ऐकत म्हातारा झालो. पण मग उपाय हाच की दोन्हीकडे परीक्षा तिऱ्हाइताने घ्यायची.

चिकित्सक:
तसा अभ्यास आहे. कॅनडा, २०११, मार्टिन-चँग आणि सहकारी. ३७ मुलं घरी शिकणारी, ३७ शाळेतली, वय ५ ते १०, चाचणी संशोधकांनी घेतली. त्यात आखीव पद्धतीने घरी शिकलेली मुलं शाळेतल्या मुलांच्या पुढे निघाली, उत्पन्न आणि आईचं शिक्षण हिशेबात धरूनही. ताई, हा आकडा तुमच्या बाजूचा आहे, घ्या. पण घरच्या ३७ पैकी १२ मुलं "मुलाला वाटेल तेव्हा शिकेल" या पद्धतीची, ती मागे पडली. म्हणजे "होमस्कूलिंग" ही एकच गोष्ट धरून सरासरी काढण्यात अर्थ नाही. आणि मुलं मोजकीच, तीही स्वतःहून आलेली, त्यामुळे यावरही उड्या मारता येत नाहीत.

दोन_पिल्लांची_आई:
मी वेळापत्रकानेच शिकवते, त्यामुळे त्या १२ शी माझा संबंध नाही. बाकी २०,७६०वाला आकडा मी यापुढे वापरणार नाही. पण "काहीच सिद्ध नाही" याचा अर्थ "घरी शिकवणं वाईट" असाही होत नाही, हेही तितक्याच जोरात लिहा.

चिकित्सक:
होत नाही. लिहिलं.

घरीच_शिकलेली:
इतका वेळ वाचतेय, आता राहवत नाही. मी घरी शिकले. आमच्या घरी कधी चाचणी झालीच नाही, कुणी मागितली नाही, कुठे नोंदही नव्हती. अमेरिकेत आजही सुमारे ११ राज्यांत पालकांनी साधं कळवायचंही बंधन नाही, मग तिथली आमच्यासारखी मुलं कुठल्या सरासरीत बसतात? माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा झाला तरी अक्षरं लावून वाचायचा, आई म्हणायची, वेळ आली की येईल. तो ना रुडनरच्या यादीत, ना रेच्या, ना त्या कॅनडाच्या ३७ मध्ये, कारण असे आईबाप स्वतःहून कुठेच नाव देत नाहीत. तुम्ही सगळे फॉर्म भरणाऱ्या घरांवरून भांडताय.

दोन_पिल्लांची_आई:
तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्याच्यासाठी माझ्या घरात दरवर्षी तपासनीस पाठवणार असाल तर माझा विरोध राहील.

घरीच_शिकलेली:
माझ्या भावासाठी एकदा जरी कुणी आलं असतं तरी चाललं असतं.