बेसबॉलमध्ये जखमी रिलीव्हरला सोडून का देत नाहीत?

प्रश्न: कोपर दुखावून बसलेल्या रिलीव्हरवर (सामन्याच्या मध्यात चेंडू टाकायला येणारा बदली पिचर) क्लब एवढा पैसा का ओततो? चीड येते हो!

उत्तर १: मेजर लीगमधले (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) करार हमीचे असतात. सोडलं तरी उरलेली रक्कम द्यावीच लागते. दुसऱ्या संघाने घेतलं तर जेमतेम किमान पगाराएवढी वजावट मिळते. ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकलं की ४० जणांच्या रोस्टरमधली (संघाच्या खेळाडूंची अधिकृत यादी) जागा मोकळी होते, १५ दिवसांच्या यादीत नाही.

उत्तर २: लक्झरी टॅक्सलाही (एकूण पगार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की क्लबला भरावा लागणारा कर) कराराची वार्षिक सरासरी धरतात, तो खेळो न खेळो.

उत्तर ३: राग करारावर काढा, खेळाडूवर नको. टॉमी जॉन शस्त्रक्रियेत कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बहुधा मनगटाचा टेंडन बसवतात. परतायला १२ ते १८ महिने. वेग आधी येतो, अचूकता मागाहून. सुरुवातीला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) वाढले तर नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात उतरवू नये.