बाबांच्या डोळ्यांसाठी अमेरिकेहून बाटली आलीय, चालू करू का?

मधली_आळी:
नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे, कराडला असतात. दोन वर्षांपूर्वी दोन्ही मोतीबिंदू काढले, छान चाललं होतं, पण हल्ली पेपर वाचताना "मधली अक्षरं पुसट दिसतात, ट्यूब लाव" असं सारखं चाललेलं म्हणून दाखवून आणलं. ड्रॉप घालून बघितलं, ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन काढला आणि वयामुळे पडदा खराब होतोय, ड्राय एएमडी आहे म्हणाले. गर्दी इतकी की पाच मिनिटांत आम्ही बाहेर. गोळ्या लिहून दिल्यात, रोज एक, कायम घ्यायच्या, आणि स्वस्त नाहीत. त्यात न्यू जर्सीच्या दादाने भलीमोठी बाटली पाठवलीय, डोळ्यांचं व्हिटॅमिन म्हणून, आणि चालू केली का विचारायला त्याचे रोज दोन फोन. या गोळ्यांनी खरंच काही होतं का? दोन्ही चालू केल्या तर लवकर गुण येईल का? आणि आईचे डोळे चांगले आहेत तरी ती म्हणतेय मीपण घेते, तर तिला द्यायच्या का?

पडदानशीन:
मी डॉक्टर नाही, पण रेटिनाच्या दवाखान्यात ओसीटी काढायचंच काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोज ऐकते. आधी केसपेपर काढा आणि अर्ली लिहिलंय की इंटरमीडिएट ते बघा, सगळं त्यावर आहे. पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो, तिथे खाली पिवळट ठिपके साचतात, ड्रुसेन म्हणतात त्यांना. थोडे बारीक ठिपके असतील, म्हणजे अर्ली, तर गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही. ठिपके मोठे असतील, म्हणजे इंटरमीडिएट, किंवा एक डोळा पुढच्या स्टेजला गेलाय आणि दुसरा वाचवायचाय तर मात्र आहे. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने यावर मोठा अभ्यास केला होता, एरेड्स नावाचा, २००१ मध्ये निकाल आला. अशा पेशंटपैकी ज्यांना औषध नसलेली गोळी दिली त्यांच्यातले पाच वर्षांत १०० तले साधारण २८ पुढच्या स्टेजला गेले, आणि व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन, झिंक असं सगळं घेणाऱ्यांतले २०. म्हणजे गेलेली नजर परत येत नाही, फक्त आजार पुढे सरकायचा धोका कमी होतो. त्यामुळे बाबांसमोर 'गुण येईल' म्हणूच नका, महिनाभर वाट बघतील आणि काही फरक नाही म्हणून सोडून देतील, आमच्याकडे निम्मे आजोबा हेच करतात. आईंना नको. चांगल्या डोळ्यांना हा आजार होऊ नये म्हणून घेण्यात काही अर्थ नाही आणि मोतीबिंदूही यांनी थांबत नाही.

दोन्ही एकदम तर अजिबात नको. एरेड्सच्या फॉर्म्युल्यात झिंक ८० मिलिग्रॅम असतं, तेच भरपूर झालं, काहींना तेवढ्यानेही मळमळतं. जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी पडतं म्हणून तर त्यात २ मिलिग्रॅम कॉपर घालावं लागतं.

लेबलवाचक:
एक विचारू का, बाबा बिडी-सिगरेट ओढायचे? सोडली असली तरी सांगा. जुन्या फॉर्म्युल्यातलं बीटा कॅरोटीन सिगरेट ओढणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या दृष्टीने वाईट. २०१३ मध्ये एरेड्सचा दुसरा भाग आला त्यात सध्या ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलंच नव्हतं, तरी ते घेणाऱ्या गटात २३ जणांना कॅन्सर निघाला आणि न घेणाऱ्यांत ११, आणि त्यातले बहुतेक पूर्वी ओढून सोडलेले. म्हणून आता त्याच्या जागी ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम घालतात. ओमेगा ३ पण घालून बघितलं, जास्तीचा फायदा काही मिळाला नाही, तेव्हा माशाच्या तेलासाठी वेगळे पैसे घालवू नका. बाटली फिरवून मागचं बारीक अक्षरातलं वाचा, व्हिटॅमिन ए लिहून शेजारी बीटा कॅरोटीन असेल तर तीच जुनी. आणि ते आकडे एका गोळीचे आहेत का दोन गोळ्यांचे तेपण बघा, अमेरिकन बाटल्यांवर बरेचदा दोन मिळून लिहितात.

ओसरीवरून:
गोळ्यांचं वरच्यांनी सांगितलंय, मी आमच्या आईचं सांगते. तिलाही ड्रायच होतं. एक दिवस म्हणाली दाराची चौकट मध्ये वाकलीय, सुताराला बोलवा. आम्ही हसलो, मग चष्म्याचा नंबर बदलला, आणि यात दोन महिने गेले. ते वेट झालं होतं, पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढून त्यांतून पाणी झिरपून साचलेलं. मग डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, आधी महिन्याला एक. आजार थांबला पण त्या डोळ्याने आता माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. तर आता रोज सकाळी चहा झाला की ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहते, चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून, चौकोनांच्या रेषा सरळ आहेत का बघते, मग दुसरा. एकेक डोळा झाकूनच, नाहीतर चांगला डोळा सांभाळून घेतो आणि कळतच नाही. दवाखान्यात चौकटींचा कागदही देतात, अ‍ॅमस्लर म्हणून, पण आईला कॅलेंडरच बरं वाटतं. रेष वाकडी दिसली की त्याच दिवशी दवाखाना, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

गाजरहलवा:
आमच्या काकूंनी डोळ्यांसाठी वर्षभर गाजराचा रस पाजला काकांना :) गाजर रातांधळेपणाला ठीक, व्हिटॅमिन ए कमी असेल तर. ल्युटीनसाठी पालक, शेवग्याचा पाला, अंड्याचा पिवळा बलक. पण खाऊन गोळीइतका डोस भरणार नाही हेही खरं. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, व्हिटॅमिन ई ४०० आययू असतं त्यात.

मधली_आळी:
सगळ्यांचे आभार. केसपेपर शोधला, इंटरमीडिएट लिहिलंय, म्हणजे गोळ्या चालू ठेवायच्या. रक्त पातळची गोळी नाहीये. आणि हो, बाबा एसटीत होते, तीस वर्षं बिडी ओढली, २०११ ला सोडली. बाटली भिंगाखाली धरली तर व्हिटॅमिन ए, शेजारी बीटा कॅरोटीन. दादाला फोटो पाठवलाय, तो म्हणतो दुकानदाराने तर डोळ्यांचंच म्हणून दिलं. बाटली मी कपाटात वर टाकलीय. इथे लिहून दिलेल्या पट्टीवर बीटा कॅरोटीन नाही पण झिंक बरंच कमी आहे, ते सोमवारी पट्टी घेऊन जाऊन विचारते. बाबा आता कॅलेंडरसमोर उभे आहेत, रेषा सरळ आहेत म्हणतात, पण एकादशीखाली पेनाने दुधाचा हिशोब कोणी लिहिलाय यावरून आईशी जुंपलीय.