क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठीक, असं नाही
फॅब्रीच्या आजारात (हा एक आनुवंशिक आजार आहे) क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्तात नॉर्मल आहे तोवर किडनीची चिंता नको, असं एकांनी लिहिलंय. कळकळीने सांगते, यावर विसंबून राहू नका. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा बरंच नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं.

या आजारात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम कमी पडतं आणि जीबी-३ नावाचा स्निग्ध पदार्थ पेशींत साचत जातो. किडनीच्या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, बोटांत बोटं गुंतवावीत तशा. त्या या पदार्थाने फुगतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आत झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. आणि या पेशी गेल्या की त्यांची जागा भरून निघणं फार अवघड, हीच खरी मेख आहे. मग लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, फेस येतो. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर नियमित तपासून घ्याच, लहान वयापासून.

दुसरं, दोष एक्स गुणसूत्रावर असला तरी बायका ‘नुसत्या वाहक’ नसतात, त्यांच्याही किडन्या खराब होतात. शिवाय त्यांच्या रक्तातलं एन्झाइम नॉर्मल येऊ शकतं, तेव्हा जनुकीय चाचणीच हवी. उपचार म्हणून हे कमी पडणारं एन्झाइम शिरेतून दर दोन आठवड्यांनी देतात. ते गाळणीवर वण पडण्याआधी सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.