आजोबांच्या पेटीतली युद्धकालीन कारखान्यांची छायाचित्रे : ओळख कशी पटवावी, कशी जपावीत, कशी मांडावीत?

तापीतीर (नंदुरबार) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वडील १९४३ साली फिटर म्हणून सैन्याच्या वाहनदुरुस्ती कार्यशाळेत भरती झाले होते. युद्ध संपल्यावर ते गावी परतले आणि पुढे आयुष्यभर विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करत राहिले. गेल्या दिवाळीत माळा झाडताना त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा पान्यांच्या खाली मेणकागदात गुंडाळलेली चौदा कृष्णधवल छायाचित्रे निघाली. त्यांत घरचे माणूस एकही नाही. सगळी छायाचित्रे कारखान्यांची आहेत.

पाच छायाचित्रांत जीपगाड्या ओळीने उभ्या आहेत आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या परदेशी स्त्रिया त्यांवर काम करत आहेत. सहांत बसक्या नाकाचे ट्रक आहेत. एकात रिवेटांनी भरलेला एक उंच रणगाडा आहे. उरलेल्या दोनांत चिलखती गाडीचा सांगाडा असून भोवतीचे कामगार आपले आहेत. त्यांतला मुंडासे बांधलेला एक जण अनवाणी उभा राहून पोलादी पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो आहे. आठ छायाचित्रांच्या मागे इंग्रजीत टंकलेली कागदी पट्टी चिकटवलेली आहे.

मी ही छायाचित्रे आधी एका स्टुडिओत प्रती काढायला दिली, ही माझी चूक झाली. तिथे कडा कापून, डाग पुसून, चेहरे उजळून प्रती दिल्या आणि एका छायाचित्रामागची पट्टी ओलसर बोळ्याने सोलून टाकली. मूळ छायाचित्र परत मिळाले, पट्टी मिळाली नाही. म्हणून आता विचारूनच पुढचे पाऊल टाकते आहे. या गाड्या आणि कारखाने कसे ओळखावेत? छायाचित्रे कशी जपावीत? आमच्या वाचनालयात ती मांडावीत असे ठरले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला की ज्या १९४२ मध्ये नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी शिरीषकुमारला पोलिसांची गोळी लागली, त्याच काळातल्या इंग्रजांच्या गाड्यांचे कौतुक इथे कशासाठी. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही, आणि पेटी पुन्हा माळ्यावर टाकावी असेही वाटत नाही.

गिरणाकाठ (भडगाव)

ताई, तीस वर्षे जीपगाड्यांचे गॅरेज चालवले, म्हणून जीपपासून सुरुवात करतो. आपल्याकडे 'युद्धातली जीप' म्हणून जी दाखवली जाते, ती पुष्कळदा नंतरची असते. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली आणि खानदेशात धावल्या त्या बहुतेक पुढच्या काळातल्या. त्यामुळे आधी पुढची जाळी पाहा. उभ्या चपट्या लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या असतील, तर ती विलीजची अगदी सुरुवातीची गाडी आहे. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली आणि नऊ उभ्या फटींची जाळी असेल, तर ती १९४२ पासूनची. ही पत्र्याची जाळी फोर्डने काढली आणि मग विलीजनेही उचलली. सात फटी आणि जाळीतून बाहेर आलेले मोठे दिवे दिसले, तर गाडी युद्धानंतरची नागरी आहे.

पण नऊ फटी दिसल्या म्हणून विलीज की फोर्ड हे कळत नाही, कारण एकच आराखडा दोघांनी बनवला. दोघांच्या मिळून ६ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या; विलीजच्या ओहायो राज्यातल्या टोलेडो येथे, तर फोर्डच्या अनेक कारखान्यांत. फरक पाहायचा तो जाळीच्या खाली, पुढच्या आडव्या दांड्यात. विलीजचा दांडा गोल नळीचा असतो आणि फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. तुमच्या छायाचित्रात गाडीचा सांगाडा अजून बॉडीविना असेल, तर हा दांडा स्पष्ट दिसायला हवा. फोर्डने तर आपल्या बोल्टच्या माथ्यावरही इंग्रजी 'एफ' अक्षर उठवले होते, पण ते छायाचित्रात दिसेल अशी आशा धरू नका.

बसक्या नाकाचे ट्रक बहुधा कॅनडाचे असावेत. ब्रिटिश सैन्याच्या मागणीप्रमाणे फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांच्या कॅनडातल्या कारखान्यांनी, विंडसर आणि ओशावा येथे, एकाच ठरलेल्या नमुन्याचे ट्रक बनवले. स्टीअरिंग उजवीकडे आहे का ते बघा. दुसरी खूण म्हणजे समोरची काच. नंतरच्या केबिनमध्ये ती वरून पुढे झुकलेली, म्हणजे नेहमीच्या उलट्या उताराची असते, कारण उन्हाची तिरीप वर उडून ती विमानातून दिसू नये. कॅनडाने त्या युद्धात सर्व प्रकारची मिळून ८ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली, आणि आपल्या सैन्याकडे आलेल्या ट्रकांत त्यांचा वाटा मोठा होता. तुमच्या आजोबांनी ज्या गाड्यांखाली पडून काम केले, त्या याच असण्याचा संभव भरपूर आहे.

आता ती दोन छायाचित्रे. ती मला सर्वांत मोलाची वाटतात. कॅनडातून आलेल्या फोर्डच्या चासीवर भारतात चिलखत चढवून एक गाडी बनवली जात असे. चिलखताचे पत्रे जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात तयार होत आणि बॉडी रेल्वेच्या व इतर कार्यशाळांत उभी राहत असे. सैनिक तिला 'टाटानगर' म्हणत. १९४० ते १९४४ या काळात अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या झाल्या. मात्र आपले कामगार दिसले, की गाडी इथेच घडली असे धरून चालू नका. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता आणि परदेशातून सुटे भाग आणून इथे गाड्या जुळवणे ही जुनी रीत होती. घडवणे आणि जुळवणे यांतला फरक छायाचित्रातही शोधता येतो. लाकडी खोकी आणि तयार भागांचे ढीग दिसले तर जुळणी. पत्रा कापणे, वाकवणे आणि भोके पाडणे दिसले तर घडवणे. अंगठा फिरवणारा तो माणूस पत्र्याची कापलेली धार तपासतो आहे, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते.

हतनूर (भुसावळ)

मी रेल्वेच्या लोको कार्यशाळेतून निवृत्त झालो, म्हणून रणगाड्यापुरते लिहितो. उंच, रिवेटांचा, आणि तोफ वरच्या बुरुजात न बसता उजव्या अंगाला बसवलेली असेल, तर तो अमेरिकन एम-३. वर लहान बुरुजात ३७ मिलिमीटरची आणि खाली ७५ मिलिमीटरची तोफ, अशी त्याची रचना होती. त्याचे वजन सुमारे २७ टन. रिवेटांचा दोष असा की बाहेरून गोळा आदळला की रिवेट तुटून आतल्या माणसांच्या अंगावर गोळीसारखे उडत. म्हणून पुढे वेल्डिंगचे आणि ओतीव कवच आले. हेच एम-३ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या बाजूने लढले.

कारखाना ओळखायचा असेल, तर रणगाड्याकडे पाहून झाल्यावर त्याच्या मागे आणि वर पाहा. डेट्रॉइटजवळ क्रायस्लर कंपनीने चालवलेला कारखाना मुद्दाम रणगाड्यांसाठी उभारलेला होता. अल्बर्ट कान या वास्तुविशारदाने त्याच्या भिंतींना काचांचे लांबच लांब पट्टे दिले होते, त्यामुळे तिथल्या छायाचित्रांत उजेड बाजूने, सरळ रेषेत येतो. तिथला पहिला एम-३ १९४१ च्या एप्रिलमध्ये तयार झाला आणि युद्ध संपेपर्यंत एम-३ व नंतरचे शर्मन मिळून २२ हजारांवर रणगाडे तिथून निघाले. याउलट बाल्डविन आणि अमेरिकन लोकोमोटिव्ह हे मूळचे आगगाडीची इंजिने बनवणारे कारखाने होते. वीस-तीस टनांचा धूड उचलून अलगद ठेवणारी छताखालची क्रेन, जमिनीतले रूळ आणि जाड पत्रा वाकवणारी माणसे त्यांच्याकडे आधीपासूनच होती, म्हणून हे काम त्यांच्याकडे गेले. मागे कुठे इंजिनाची चौकट किंवा बॉयलर दिसतो का, ते भिंगातून शोधा. मी असतो तर तासभर फक्त मागची बाजूच पाहत बसलो असतो.

लळिंग (धुळे)

ताई, ती सोललेली पट्टी वाचून जिवाला लागले. इतिहासाचार्य राजवाडे ज्या धुळ्यात राहिले आणि अस्सल कागदासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्या गावचा मी. म्हणून आधी हेच सांगतो की छायाचित्राची पाठ ही अर्धी साक्ष असते. पट्टी, शिक्का, पेन्सिलीचा आकडा, गंजलेल्या टाचणीचे भोक, यांतले काहीही साफ करू नका.

प्रथम भिंग घ्या. चेहऱ्यावर सूक्ष्म ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो छापील कागद आहे, मासिकातून कापलेला. ठिपके नसून छटा सलग विरघळत गेल्या असतील, तर ते खरे छायाचित्र. कागद तिरपा धरल्यावर काळ्या भागांच्या कडेला आरशासारखी निळसर चकाकी दिसली, तर तो जुन्या छपाईतल्या चांदीचा परिणाम आहे. ती चकाकी पुसायची नाही.

मग दोन्ही बाजू, कडांसह, किमान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करा आणि मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवा. लॅमिनेशन, सेलोटेप आणि बॉलपेन यांना हात लावू नका. क्रमांक द्यायचाच असेल, तर पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने द्या. प्रत्येक छायाचित्र वेगळ्या आम्लरहित कागदात ठेवावे. पेटी पुन्हा माळ्यावर तर नकोच. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून अधिक तापते. पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. घरातली सर्वांत आतली, बाहेरच्या भिंतीला न लागलेली खोली निवडा. प्रदर्शनात मूळ छायाचित्रे लावू नका, प्रती लावा.

तोरणमाळ (शहादा)

तुमच्या ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाबद्दल लिहितो, कारण तो मला रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर या छायाचित्रांच्या स्वभावातच आहे.

ही छायाचित्रे बहुधा सरकारांनी काढवून घेतली होती, आणि पाहणाऱ्याला काहीतरी पटवून देण्यासाठी. अमेरिकेत युद्धमाहिती कार्यालय होते, ब्रिटनमध्ये माहिती मंत्रालय. अमेरिकेच्या त्या संग्रहातली सुमारे १६०० रंगीत छायाचित्रे आज तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही पाहता येतात. त्यांतली अनेक अल्फ्रेड पामर यांची आहेत. त्या वेळची रंगीत फिल्म इतकी मंद होती, की भरपूर दिव्यांखेरीज आणि माणूस निश्चल उभा राहिल्याखेरीज कारखान्याच्या आत चित्र उमटणे कठीण. म्हणजे यंत्रावर वाकलेली, केस नीट बांधलेली, चेहऱ्यावर उजेड झेलणारी ती कामगार स्त्री खरीच तिथे काम करत होती. पण त्या क्षणी ती थांबलेली होती, कोणीतरी तिला थांबवले होते. कृष्णधवल छायाचित्रांतही हीच रीत पुष्कळदा दिसते. तुमच्या पाच जीपच्या छायाचित्रांत एखादा हात हलून धूसर झालेला आहे का पाहा. तसा असेल, तर ते छायाचित्र मला इतरांहून अधिक आवडेल.

पट्ट्यांवरचा मजकूरही याच नजरेने वाचायला हवा. गाड्यांची संख्या, कारखान्याचे गाव, तुकडीचे चिन्ह अशा गोष्टी शत्रूला कळू नयेत म्हणून गाळल्या जात, कधी चित्रातूनच पुसल्या जात. जे उरले, ते लोकांनी वाचावे म्हणून ठेवलेले आहे. जमशेदपूरच्या छायाचित्रात कामगाराचे नाव नसेल आणि साम्राज्यावरच्या निष्ठेचे गोडवे असतील, तर तेही पुराव्याचाच भाग समजावे.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गोळीबारात गेले. पुढच्याच महिन्यात पामर कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या डग्लस विमान कारखान्यात स्त्री कामगारांची ती प्रसिद्ध रंगीत छायाचित्रे काढत होते. त्याच युद्धात भारतीय सैन्य २५ लाखांपर्यंत वाढले. आणि १५ ऑक्टोबर १९४३ हा ज्या ईएमई कोअरचा (सैन्याच्या वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलाचा) स्थापना दिन मानला जातो, तिच्या कार्यशाळांत तुमच्या आजोबांसारखे हजारो फिटर घडले. एकाच पश्चिम खानदेशातला एक मुलगा तिरंगा हाती घेऊन रस्त्यावर आला आणि दुसरा पाना घेऊन ट्रकखाली शिरला. दोघांना एका भिंतीवर जागा द्यायला काय हरकत आहे? फक्त छायाचित्राखाली सरकारी मजकूर 'सरकारी मजकूर' म्हणून वेगळा द्या, त्याचे मराठी भाषांतर द्या, आणि तुम्ही पटवलेली गाडीची व कारखान्याची ओळख तिसऱ्या ओळीत लिहा. कौतुक केल्याचा आरोप मग उरत नाही.

हक्कांविषयी एवढेच सांगतो, की अमेरिकन सरकारी छायाचित्रकारांनी कामाचा भाग म्हणून काढलेली छायाचित्रे सर्वांना खुली आहेत आणि १ जून १९५७ पूर्वी काढलेल्या ब्रिटिश सरकारी छायाचित्रांवरील सरकारी हक्कही संपला आहे. खासगी कंपनीचा शिक्का असेल, तर मात्र वेगळी चौकशी करा.

तापीतीर (नंदुरबार)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभर भिंग घेऊन बसले. जीपच्या पाचपैकी दोन छायाचित्रे ठिपक्यांची, म्हणजे मासिकातली निघाली. उरलेल्या तिनांत जाळीला नऊ फटी आहेत आणि एका बॉडीविना सांगाड्यात पुढचा दांडा स्पष्टपणे गोल आहे. गिरणाकाठ भाऊ, म्हणजे विलीज आणि टोलेडो, असेच मी लिहिते आहे. सहाही ट्रकांचे स्टीअरिंग उजवीकडे आहे. हतनूर काका, रणगाड्याच्या मागे बॉयलर नाही; वरपर्यंत काचाच काचा आहेत.

टाटानगरच्या एका छायाचित्रामागची पट्टी शाबूत आहे. तिच्यावर गावाचे नाव नाही, कामगाराचे नाही, फक्त कामाचे वर्णन आहे. पण पट्टीच्या खाली पेन्सिलीने, आजोबांच्या मोडीवळणाच्या अक्षरात दोन शब्द आहेत, जे स्टुडिओच्या प्रतीत आलेच नव्हते : 'पत्रा चांगला.' वाचनालयात हे छायाचित्र दोन्ही बाजूंनी दिसेल असे, दोन प्रती शेजारी लावून मांडायचे ठरवले आहे. आक्षेप घेणाऱ्या काकांनीच शिरीषकुमारच्या भागाचा मजकूर लिहून देण्याचे कबूल केले आहे.