एमएच ०९ चे एकूण नंबर किती होतात?

प्रश्न: कोल्हापूर पासिंगला एमएच ०९ नंतर दोन अक्षरं, चार अंक. २६+२६+१०+१०+१०+१० = ९२ आलं. चुकतंय कुठं?

उत्तर: भावा, बेरीज नको. पहिल्या अक्षराच्या प्रत्येक निवडीबरोबर दुसऱ्याच्या सगळ्या निवडी जुळतात, म्हणून गुणाकार. आय आणि ओ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात, ती वापरत नाहीत. म्हणून २४×२४ = ५७६ सिरीज.

उत्तर: अंकांचे १०×१०×१०×१० = १०,०००, त्यातून ०००० वजा. ५७६×९,९९९ = ५७,५९,४२४. एका अक्षराची सिरीज धरायची असेल तर २४×९,९९९ वेगळे काढून मिळवा. तिथं "एक अक्षर किंवा दोन अक्षरं" असं आहे, म्हणून बेरीज.

प्रश्नकर्ता: चारही अंक वेगळे, पहिला शून्य नाही, संख्या सम. ९×९×८×५ बरोबर का?

उत्तर: नाही. डावीकडून आलात तर शेवटी किती सम अंक उरले हे आधीच्या निवडींवर ठरतं, आकडा पक्का राहत नाही. तिथं थेट गुणाकार चालत नाही. ज्या जागेला अट जास्त, ती आधी भरा. शेवटी ०: ९×८×७ = ५०४. शेवटी २, ४, ६ किंवा ८: शेवटचे ४, पहिल्या जागेचे ८ (शून्य आणि वापरलेला अंक सोडून), मधल्या जागांचे ८ आणि ७ (आता शून्य चालतो), म्हणजे ४×८×८×७ = १,७९२. एकूण २,२९६.