मदत हवी : ट्रेकसाठी स्टीलची कॅन्टीन (पाण्याची बाटली) आणि भांड्यांचा संच कोणता घेऊ? (तातडीचे)

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी पहाटे निघतोय. रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. गुरुवारपर्यंत सामान हातात हवं.
पाण्याची बाटली, तिच्या बुडाला बसणारा मोठा पेला आणि खाली छोटा स्टँड, असा एकात एक बसणारा स्टीलचा संच घ्यायचाय. ऑनलाइन तीन-चार पाहिले, साडेचार हजारांपर्यंत किमती आहेत. १ लिटरची चांगली जाड स्टीलची बाटली घरात आहे, त्यामुळे नुसता पेला आणि स्टँड घेतला तरी भागेल. टाक्यातलं पाणी बाटलीतच उकळायचा विचार आहे.
अॅल्युमिनियम नको, ते ठरलंय. कृपया नेमका संच सुचवा.

नाशिकचा_भटक्या
किती जण? किती मुक्काम? इंधन काय? नुसतं पाणी तापवायचंय की भात-खिचडी शिजवायचीये? एवढं कळल्याशिवाय काय सुचवणार!

निवृत्त_फौजी
कॅन्टीन म्हटलंत म्हणून सांगतो. ही जोडगोळी मूळची सैन्यातली. अमेरिकन सैन्याची १९१० सालची बाटली अॅल्युमिनियमची होती, एक क्वार्टची, म्हणजे साधारण ९५० मिली. पट्ट्याला अडकवल्यावर कमरेला टोचू नये म्हणून एका बाजूने आत वळलेली, आणि तिच्याच आकाराचा पेला खालून बसायचा. दुसऱ्या महायुद्धात स्टीलचे पेले आले. बाटली, पेला आणि पिशवी मिळून एकच वस्तू कमरेला, ही रचना आजही तोड नाही अशीच आहे. पुण्यात असाल तर रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात चक्कर टाका.

रानजाई
काका, माहिती छान, पण तो वळलेला पेला गोल बर्नरवर नीट बसत नाही. दोन वर्षं वापरलाय. एका कडेला उकळी आणि दुसरीकडे पाणी कोमट. शिवाय काठ एवढा तापतो की चहा प्यायला ओठ टेकवता येत नाहीत. चहा निवेपर्यंत थांबायचं, तर मग डोंगरावर चहाचा उपयोग काय?

सिअॅटलकर
टायटॅनियम घ्या. ७५० मिलीचा पेला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. मी इकडे अमेरिकेत, कॅस्केड्सच्या डोंगरांत सहा वर्षं तेच वापरतोय. स्टीलचा पूर्ण संच पाऊण किलोच्या घरात जातो, ते ओझं चार दिवस पाठीवर कशाला?

चुलीवरचं
टायटॅनियममध्ये पाणी उकळतं, भात शिजत नाही, करपतो. पातळ पत्रा, ज्योत लागते तेवढ्याच जागी तापतो. आपल्याकडे माणूस तयार जेवणाचं पाकीट फोडून त्यात गरम पाणी ओतत नाही, त्याला खिचडी लागते. अॅल्युमिनियम स्टीलच्या दहा-पंधरापट उष्णता वाहून नेतं. हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे वर कठीण थर चढवलेल्या अॅल्युमिनियमची पातेली घ्या, बाकी सगळं विसरा.

डोंगरवाट
अॅल्युमिनियम नको हे वर लिहिलंय. घरी आमसुलाचं सार जवळजवळ रोज होतं, ट्रेकलाही होणार. आंबट पदार्थ अॅल्युमिनियममध्ये नको.
दोघे आहोत. तीन मुक्काम. स्क्रूवाला गॅस (आटे फिरवून वर बर्नर बसवायचा छोटा डबा) आहे, स्टोव्हही आहे. आता सांगा.

चुलीवरचं
अॅनोडाइज्डवर आंबटाचा परिणाम साध्या अॅल्युमिनियमसारखा होत नाही. वरचा थर कठीण असतो. बारा वर्षं त्यात कोकम-टोमॅटो शिजवतोय.

रानजाई
थर घासून जातो हो. बारा वर्षांत तुमच्या पातेलीचा तळ पांढरा पडला नाही? त्यांना स्टीलच हवंय तर स्टीलमधलंच सांगूया ना.

नाशिकचा_भटक्या
एक मिनिट, सगळे थांबा. @डोंगरवाट, तुमची "चांगली जाड" बाटली एका भिंतीची आहे की दुहेरी?

डोंगरवाट
स्टीलची आहे. काय फरक पडतो?

नाशिकचा_भटक्या
जिवाचा फरक पडतो. दुहेरी भिंतीच्या बाटलीत मधली पोकळी चारी बाजूंनी बंद असते. आगीवर ठेवली की बाहेरची भिंत लालबुंद होते, आतली भिंत उष्णता पाण्याला देत राहते, दोघींचं प्रसरण सारखं होत नाही, आणि पोकळीत उरलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नसते. सांधा उसवून बाटली फुटू शकते. आत्ता उठा, कडकडीत पाणी ओता आणि बाहेरून हात लावा. एका भिंतीची असेल तर चार सेकंदांत हात काढावा लागेल. बूडही बघा, मधोमध पैशाएवढी गोल टिकली दिसते का, ती दुहेरीची खूण.
आणि एका भिंतीची निघाली तरी बूच काढूनच आगीवर. बुचातली रबरी चकती आधी वितळते, आणि घट्ट बंद भांडं म्हणजे बिनशिट्टीचा कुकर.

डोंगरवाट
ओतलं. पाच मिनिटं झाली, बाहेरून गार आहे. बुडाला टिकलीही आहे.
म्हणजे मी ही थेट बर्नरवर ठेवणार होतो. धन्यवाद, खरंच.

सह्यपाऊल
मी वेगळं सांगतो. काहीच नेऊ नका. रतनवाडीत, कुमशेतला, पाचनईत घरगुती जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन केला की गरम भाकरी, पिठलं, ठेचा. गावातल्या माणसाच्या हातात चार पैसे जातात आणि तुमची पाठ हलकी. बरोबर दशम्या, चटणी, गूळ. मी पंधरा वर्षं स्टोव्ह उचललेला नाही.

चुलीवरचं
आणि थंडीत रात्री गडावर चहा हवासा वाटला तर? तीन दगड, चार काटक्या, झालं काम. भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या, काजळी मातीबरोबर निघून येते. आजी चुलीवर सगळी भांडी अशीच चढवायची.

रानजाई
काटक्या नकोत. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या ३०व्या कलमाखाली अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला आणि जळती सोडायला बंदी आहे. पावसाळा संपला की गवत वाळतं आणि वाऱ्यावर एक ठिणगी पुरते. मी कात्राबाईच्या वाटेवर जळालेला उतार पाहिलाय, काळी माती आणि कारवीचे खुंट. संचातला तो स्टँडही काटक्या नाहीतर स्पिरिटसाठीच असतो, स्क्रूवाल्या गॅसला त्याचा उपयोग नाही. डोंगरवाट, तो अर्धा संच तुम्ही विनाकारण विकत घेणार आहात.

चुलीवरचं
जळालेला उतार मीही पाहिलाय. आगीचं मान्य, शब्द मागे घेतो. लेपाचं मात्र गॅस नसलेल्यांनी अंगणात करून बघावं.

निवृत्त_फौजी
गाडीने जाताय की कसाऱ्यापर्यंत लोकलने? रेल्वेत गॅस, रॉकेल, स्पिरिट नेणं १९८९च्या रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे. १६४वं कलम, तीन वर्षांपर्यंत कैद.

डोंगरवाट
मित्राची गाडी रतनवाडीला सोडणार, पाचनईहून घेणार.
@सह्यपाऊल, कळकळ कळली. पण बरोबर बाबा आहेत, वय ६१. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. खिंडीत उशीर झाला, गाव दोन तास लांब आहे, तर तिथेच थांबून काहीतरी गरम त्यांच्या पोटात घालता आलं पाहिजे. हे आधीच लिहायला हवं होतं.

रानजाई
हे आधी कळायला हवं होतं, उत्तरच वेगळं आहे. गोळ्यांवरच्या माणसाला साखर उतरली तर खिचडी शिजेपर्यंत थांबता येत नाही. ग्लुकोज नाहीतर साखर त्यांच्या स्वतःच्या खिशात, तुमच्या पाठपिशवीत नाही. घाम, थरथर, बोलण्यात गडबड दिसली की लगेच द्यायचं. जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, चालण्याच्या दिवशी गोळीची मात्रा तीच ठेवायची का.
आणि तुमची दुहेरी भिंतीची बाटली फेकू नका. सकाळी मुक्कामावर सार नाहीतर मुगाचं कढण करून गरमागरम तिच्यात भरा. आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं बाटली तापवून घ्या, मग ते पाणी ओतून कढण भरा. दुपारी खिंडीत स्टोव्ह न काढता गरम मिळेल. पिण्याचं पाणी वेगळ्या बाटलीत.

नाशिकचा_भटक्या
हे शंभर टक्के. आता भांडं. संच विसरा, नाशिकला असाल तर भांडी बाजारात जा. उभ्या भिंतीचा कडीचा स्टीलचा डबा, सव्वा लिटर, बूड जाड, झाकण सैल बसणारं. तीन गोष्टी बघा. कडी उभी राहते का, कारण आडवी पडलेली कडी ज्योतीत तापते आणि हात भाजतो. कडीचे कान रिव्हेटचे आहेत की नुसते टाके मारून चिकटवलेले, कारण भरला डबा उचलताना टाका सुटतो. माझा सुटलाय, अख्खी खिचडी गवतात. तिसरं, २३० ग्रॅमचा गॅसचा डबा आणि बर्नर आत मावतो का.
दुकानदार चुंबक लावून दाखवेल, त्यावर जाऊ नका. २०२ नावाचं हलक्या प्रतीचं स्टीलही चुंबकाला नीट चिकटत नाही. ३०४ असं लिहिलेलं घ्या. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आमसुलाला टिकतं.

सिअॅटलकर
पिण्याचं सगळं पाणी उकळणार असाल तर गॅस पुरणार नाही. लिटरला १२ ते १५ ग्रॅम धरा. दोघांचं दिवसाला सहा लिटर म्हणजे एकट्या पाण्यालाच ७०-९० ग्रॅम. क्लोरीनच्या गोळ्या नाहीतर फिल्टर न्या, स्वयंपाकाचं पाणी उकळा. खळखळून एक मिनिट पुरे, दहा मिनिटं नाही. आणि वाऱ्याला आडोसा करताना गॅसच्या डब्याभोवती पत्रा पूर्ण गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो.
टायटॅनियमचं मत मात्र कायम आहे.

चुलीवरचं
डाळ तुरीची नेऊ नका. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तूर बोटचेपी होणार नाही. मूग, आणि तोही अर्धा तास भिजवून. स्टीलमध्ये करायचंच असेल तर ज्योत बारीक आणि डबा दर दोन मिनिटांनी थोडा थोडा फिरवत राहा. आता तरी खूश ना?

डोंगरवाट
बुधवार रात्र. डबा आणला, सव्वा लिटर, रिव्हेटचे कान, ३०४, साडेतीनशे रुपये. गॅस आणि बर्नर आत मावतात, पण मध्ये फडकं गुंडाळावं लागतं, नाहीतर खडखडतं. दुकानात नाव घालून देतात, बाबांनी त्यावर "रतनगड ते हरिश्चंद्रगड" आणि शनिवारची तारीख घालून घेतली.
गच्चीवर खिचडी करून पाहिली. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ. पहिल्यांदा डबा फिरवायला विसरलो, तळाला बरोबर बर्नरएवढं तपकिरी वर्तुळ उठलं. दुसऱ्यांदा फिरवत राहिलो, वीस मिनिटांत झाली, लागली नाही. ते वर्तुळ चिंच आणि राखेने निघालं. सार दुहेरी बाटलीत दुपारी एकला भरलं होतं, संध्याकाळी सातला फुंकून प्यावं लागलं. डॉक्टरांशी उद्या बोलतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

नाशिकचा_भटक्या
झकास. कडी धरायला जाड फडकं नाहीतर सांडशी विसरू नका.

सह्यपाऊल
कुमशेतला भाकरी मात्र खाच. निदान एका रात्री डबा कोरडा राहू द्या.

किल्ले_आणि_कॅमेरा
कात्राबाई खिंडीतून सूर्योदय दिसतो का? ट्रायपॉड न्यावा का?