मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट? तुमचे अनुभव लिहा

घाटमाथा

भाचीला नोकरीतला पहिला बोनस मिळाला आहे आणि त्यातून तिला कॅमेरा घ्यायचा आहे. "मामा, चांगला मिररलेस घेऊ, की खिशात मावेल असा कॉम्पॅक्ट घेऊ?" एवढेच तिने विचारले, आणि मला आमच्या घरातला आग्फा क्लिक-थ्री आठवला. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. शेजारच्या काकांकडे दोन भिंगांचा यशिका मॅट होता आणि लग्नकार्यातले त्यांचे फोटो आमच्यापेक्षा कितीतरी रेखीव येत. मात्र आज दोन्ही घरांचे अल्बम शेजारी ठेवले, तर आमच्याकडे आजोळची विहीर, अंगणातले वाळवण, एसटीची वाट पाहणारी आजी असे सगळे सापडते, आणि काकांच्या अल्बममध्ये फक्त समारंभ, कारण तो कॅमेरा कपाटातून बाहेर यायला निमित्त लागत असे.

आजचा प्रश्न वरवर वेगळा दिसला, तरी फार बदललेला नाही. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-वनपासून आरशाविना, लेन्स बदलता येणारे कॅमेरे, म्हणजेच मिररलेस, बाजारात रुळू लागले, आणि २०१२ साली सोनीच्या आरएक्स-१०० ने एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) शर्टाच्या खिशात आणला. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरचे साधारण ३६७ आणि या एक इंचीचे ११६. म्हणजे तेवढ्याच ॲपर्चरला (भिंगाचे तोंड किती उघडे ते) आणि तेवढ्याच शटरला (ते किती वेळ उघडे ते) फुल फ्रेमवर सातपटीहून अधिक प्रकाश जमा होतो. दुसऱ्या पारड्यात वजन आहे. माझा सोनी ए-सेव्हन-फोर आणि त्यावरची २४-१०५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळून सव्वा किलोच्या वर जातात. आरएक्स-१०० ची सातवी आवृत्ती बॅटरीसकट ३०२ ग्रॅमची आहे.

हे आकडे भाचीला मी सांगितलेच आहेत. मला तिला दाखवायचे आहेत ते तुमचे अनुभव: तुम्ही कशाचे फोटो काढता, आणि त्या कामाला कोणता कॅमेरा उपयोगी पडला?

चाफा

मुलगी झोपली आहे, तेवढ्यात लिहिते. आम्ही मिररलेस घेतला तो तिच्यासाठीच. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात रांगणारे मूल टिपायचे, तर शटर निदान १/२५० सेकंद इतके वेगवान तरी ठेवावे लागते, आणि डोळा ओळखून त्याच्या मागे धावणारा ऑटोफोकस लागतो. एपीएस-सी बॉडी आणि ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), एवढेच घेतले. सोबत मिळणारी झूम लेन्स घरात उपयोगी पडली नसती, कारण ती थोडी झूम केली की एफ ५.६ वर जाऊन बसते.

घाटमाथा दादा, एक मुद्दा भाचीला नक्की सांगा. कॉम्पॅक्टचे सगळे मोठेपण खिशात आहे, आणि घरी वावरताना कॅमेरा कुणी खिशात ठेवत नाही. आमचा फ्रिजवर असतो आणि दोन पावलांत हाताला लागतो. घरातल्याच फोटोंसाठी घ्यायचा असेल, तर लहान आकारासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

पाऊलवाट

चाफा ताईंचे घरापुरते पटते. सह्याद्रीत मात्र गणित उलटे होते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही हात कातळावर असतात. मोठा कॅमेरा सॅकमध्ये, सॅकवर रेनकव्हर, आणि थांबायला जेमतेम पाय टेकेल एवढी जागा. तिथे सॅक उतरवून कॅमेरा काढणे म्हणजे मागच्या सगळ्यांना थांबवणे. माझा कॉम्पॅक्ट सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला लावलेल्या पाऊचमध्ये असतो आणि एका हाताने बाहेर निघतो.

कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसले ते याच कॅमेऱ्यात आले आहे. सूर्य पाठीशी आणि दरीत ढग, असा योग जुळला की आपल्याच सावलीभोवती संपूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते, आणि ढग हलला की विरून जाते. आमच्यातल्या एकाकडे फार सुंदर मिररलेस होता. त्याची सॅक उघडेपर्यंत दरी पुन्हा पांढरी झाली होती. त्याला झालेले दुःख मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे कुणाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. माझ्या फोटोत सावल्यांच्या भागात दाणे आहेत आणि मोठ्या आकारात छापला तर ते दिसतात. पण तो फोटो आहे.

देवराई

पाऊलवाट, इंद्रवज्राबद्दल मनापासून अभिनंदन. मी जे काढतो त्यात मात्र कॉम्पॅक्टने माझी साथ अर्ध्यावरच सोडली, आणि ते अर्धे कोणते हे सांगण्यासारखे आहे.

पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक पाहायला जातो. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडत्या बेडकांची फेसाची घरटी असतात आणि नर खालच्या पानांवर बसून ओरडत असतात. कॉम्पॅक्ट अगदी जवळून फोकस करतो हे खरे, पण ते झूम पूर्ण मागे असताना. म्हणजे भिंग प्राण्यापासून आठ-दहा सेंटीमीटरवर न्यावे लागते. एवढ्या जवळ गेलो की बेडूक उडी मारतो, आणि नाही मारली तरी कॅमेऱ्याचीच सावली त्याच्यावर पडते. मिररलेसवरच्या ९० किंवा १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने तितकेच मोठे चित्र हातभर अंतरावरून मिळते, आणि मधल्या जागेत फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पांढरा पडदा लावता येतो. या कामाला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

आता कास पठार घ्या. तिथे सप्टेंबरात सीतेची आसवे आणि दवबिंदू ही इवली रोपे बोटभर उंचीवर असतात. मॅक्रो लेन्सने फूल सुरेख येते, पण मागचे सगळे पठार धूसर होते, आणि तो फोटो कासचा आहे की कुंडीतला, हे पाहणाऱ्याला कळत नाही. कॉम्पॅक्ट वाटेच्या कडेला जमिनीलगत धरला, पडदा वर वळवला आणि झूम पूर्ण मागे घेतले, तर समोर निळे फूल, मागे गालिचा, वर ढग, सगळे ओळखू येईल इतके स्पष्ट मिळते. लहान सेन्सरची फोकसची खोली जास्त असते आणि एरवी ज्याला उणीव म्हणतात, तीच इथे कामाला येते. ज्या झाडाचा फोटो काढायचा, त्याचे घरही त्यात दिसावे असे वाटणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

उंबरठा

मी वारीत फोटो काढतो, म्हणून माझे मोजमाप वेगळे आहे. मोठी लेन्स डोळ्याला लावली की समोरचे आजोबा फेटा सारखा करतात, मावशी पदर ओढून घेतात, आणि आत्तापर्यंत आपल्याच नादात चाललेली दिंडी क्षणभर फोटोसाठी चालू लागते. ते स्वाभाविक आहे. त्यात त्यांची काही चूक नाही. रिको जीआर-थ्री हातात असतो तेव्हा असे होत नाही. २५७ ग्रॅमचा कॅमेरा, आत एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटरच्या रुंद दृश्यकोनाची एकच लेन्स. झूम नाही, त्यामुळे माणसाजवळ जावेच लागते. जवळ गेलो की बोलावे लागते, आणि बोलल्यावर फोटोला होकार मिळतो तोही मनापासून.

त्यात फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवण्याची सोय आहे. दोन मीटरवर लावले, ॲपर्चर एफ ८ केले, की दिवे घाटाच्या चढावर गर्दीत बटण दाबल्याबरोबर फोटो निघतो. कॅमेरा काही शोधत बसत नाही. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा आयुष्यभर रस्त्यावर अशाच लहान कॅमेऱ्यांनी काम करत आले आहेत, त्यामागचे कारण मला त्या घाटात उमगले.

अडचण पावसाची आहे. वारी आषाढातली, आणि हा कॅमेरा पाणीरोधक नाही. प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि कोरडा पंचा सतत जवळ ठेवतो, आणि सर जोरात आली की फोटो काढणे थांबवतो.

तळेगावकर

उंबरठा, जेजुरीला सोमवतीला हाच कॅमेरा नेता का? भंडाऱ्याचे काय करता? बाहेर येणाऱ्या नळीची लेन्स असली की प्रत्येक वेळी आत जाताना ती पिवळी पूड सोबत घेऊन जाते, असा माझा दुसऱ्या एका कॉम्पॅक्टचा अनुभव आहे. सेन्सरवर डाग पडले, आणि सगळा कॅमेरा खोलल्याशिवाय ते साफ करता येत नाहीत असे दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितले. मिररलेसमध्ये लेन्स काढून ब्लोअरने धूळ निदान आपल्या हाताने उडवता येते.

बुरशीचेही तसेच. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते. बदलता येणाऱ्या लेन्सला ती लागली तर एक लेन्स जाते, कॉम्पॅक्टला लागली तर अख्खा कॅमेरा. मी ड्राय कॅबिनेट घेतले आहे आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. ते परवडत नसेल, तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा ठेवायचे.

उंबरठा

तळेगावकर, जेजुरीला जीआर नेत नाही. तिथे धूळ-पाण्याविरुद्ध सील असलेली बॉडी आणि सील असलेली एकच लेन्स नेतो, आणि गड उतरेपर्यंत ती काढत नाही. डब्याबद्दल आभार, आजच करतो.

निळीशाई

माझे वय सत्तरीकडे झुकले आहे आणि खांदा आखडलेला आहे. सव्वा किलो गळ्यात घालून वेरूळ पाहणे आता होत नाही, म्हणून कॉम्पॅक्टकडे वळले. लायका कॅमेऱ्याचे जनक ओस्कार बार्नाक यांना दम्यामुळे काचेच्या प्लेटांचे जड कॅमेरे वाहवत नसत आणि त्यातूनच लहान कॅमेऱ्याचा ध्यास त्यांनी घेतला असे सांगतात, ते वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटतो.

पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कॅमेरा जितका लहान, तितकी त्याची बटणे लहान. संधिवाताच्या बोटांना ती दाबवत नाहीत, आणि चष्मा लावून पडद्यावरची बारीक अक्षरे उन्हात वाचवत नाहीत. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवाच, आणि हातात धरायला थोडी पकडही हवी. शेवटी मी या दोहोंच्या मधली वाट घेतली: लहान एपीएस-सी मिररलेस आणि त्यावर चपटी २७ मिलिमीटरची लेन्स. खिशात मावत नाही, पिशवीत मावते, आणि वरच्या चकत्या फिरवून चष्म्याशिवाय सगळे जमते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कुणी कॅमेरा निवडत असेल, तर नुसते वजन पाहू नका. त्यांच्या हातात देऊन बटणे दाबून घ्या.

चाफा

निळीशाई काकू, आईसाठी अगदी हेच शोधत होते. तुमचा खांदा लवकर बरा होवो.

जलरंग

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्यांनी कॉम्पॅक्टचा विचारच करू नये. होडी पक्ष्यांपासून दूर ठेवायची असते आणि आरएक्स-१०० च्या सातव्या आवृत्तीचे झूम शेवटपर्यंत, म्हणजे २०० मिलिमीटरला, नेले तरी रोहित ठिपक्याएवढा येतो. त्या लांबच्या टोकाला एफ ४.५ ही एक इंची सेन्सरवर फुल फ्रेमच्या एफ १२ सारखी वागते, त्यामुळे पहाटेच्या उजेडात फार काही उरत नाही. २००-६०० ची लेन्स दोन किलोंच्या वर आहे. ती उचलायची तयारी असेल तरच पक्ष्यांच्या मागे लागावे.

पिंपळपान

निळीशाई ताईंनी वेरूळचा उल्लेख केला, म्हणून अजिंठ्याबद्दल लिहितो. चित्रांच्या लेण्यांमध्ये फ्लॅशला मनाई आहे, तिपाई नेता येत नाही आणि उजेड अगदी मंद. त्यामुळे तिथे फुल फ्रेमच हवा असे सगळे सांगतात. मी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर दोन्ही कॅमेरे वापरून पाहिले आहेत. भित्तिचित्र जागचे हलत नाही, म्हणून हाताची थरथर सावरणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा चांगली असेल तर १/१० सेकंदालाही फोटो स्पष्ट येतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, फार चढवावा लागत नाही. एफ १.८ च्या कॉम्पॅक्टने तिथे मला समाधानकारक फोटो दिले. रात्रीच्या दशावतारात हाच कॉम्पॅक्ट पार हरला, कारण तिथे संकासुर जागेवर थांबत नाही आणि शटर १/२५० च्या खाली नेता येत नाही. म्हणून नुसता "उजेड कमी" असा विचार करू नये. त्या कमी उजेडात समोरचे हलते आहे की नाही, हे आधी पाहावे.

शांततेसाठी मिररलेसचे इलेक्ट्रॉनिक शटर वापरणाऱ्यांनी एलईडी दिव्यांखाली एकदा तपासून घ्यावे. फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळे भाचीला वाचून दाखवले. ती पुण्यात राहते, शनिवार-रविवार किल्ल्यांवर असते, घरी लहान मूल नाही आणि पक्ष्यांचे वेड नाही. तिच्या बाबतीत माझा कल आता खिशातल्या कॅमेऱ्याकडे झुकला आहे, मात्र पावसाळ्याची धास्ती तळेगावकरांनी घातली ती घातलीच. पैसे भरण्यापूर्वी दोन्ही प्रकारचे कॅमेरे एकेक शनिवार-रविवार भाड्याने घेऊन राजगडावर न्यायचे असे ठरले आहे.

पाऊलवाट

उत्तम. गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढणार असाल, तर शेवटच्या कातळटप्प्यावर दोन्ही कॅमेरे काढून पाहायला सांगा. आणि कॉम्पॅक्टसोबत जादा बॅटरी नक्की मागून घ्या. इतक्या लहान बॅटरीवर मुक्कामाचा ट्रेक निघत नाही.